शर्यतीपुरती पावलं

अनवाणी धावायला लागल्यापासून मैदानाच्या दर फेरीला माझी पावलं एका वर्षाने लहान होतात. बाकीची मी एकोणपन्नासचीच आहे.

सुरुवातीला फायदाच फायदा होता. टाचांच्या भेगा मिटल्या, अंगठ्याजवळचं वर आलेलं हाड आत गेलं, आणि जिना बघूनच कुरकुरणारे गुडघे गप्प झाले. एवढी वर्षं या पावलांनी मला वागवलं, मी त्यांना वज्रीशिवाय काही दिलं नव्हतं. आता रोज त्यांना कोमट पाण्यात ठेवून मी मनापासून आभार मानायचे. घमेलं हळूहळू मोठं वाटायला लागलं.

मागे जाताना जुन्या दुखापती वाटेत लागतातच. स्कूटरवरून पडून तिशीत मोडलेलं हाड एकोणिसाव्या फेरीला पुन्हा मोडलं. एक फेरी लंगडले, मग ते कधी मोडलंच नव्हतं. चाळिसाव्या फेरीला डाव्या तळव्यातून गंजका खिळा बाहेर आला. मी तो ओळखला. चौथीत, याच मैदानावर, शाळेच्या शर्यतीत तो घुसला होता आणि मी शेवटच्या वळणावर खाली बसले होते. ती शर्यत पुरी करायची राहूनच गेली. खिळा पुसून पर्समध्ये ठेवला आणि रविवारच्या बायकांच्या शर्यतीत नाव दिलं. पाच फेऱ्या. त्या आनंदात आणखी साडेतीन फेऱ्या धावले.

फिजिओथेरपीवाल्या मृण्मयीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की टाच आपटायची नाही, पुढच्या भागावर उतरायचं, पोटऱ्यांवर ताण येतो म्हणून एक दिवसाआड दहा मिनिटंच. घाई केली की बारीक हाडांना केसासारखी चीर जाते. आता तिने पट्टी लावून पावलं मोजली.

"साडेपाच वर्षांची आहेत, काकू. घाई केलीत."

"केली."

"पाचव्या फेरीच्या शेवटी सहा महिन्यांची होतील. सहा महिन्यांचं मूल उभं राहत नाही. बूट घाला, वय जागेवर राहील."

हे संध्याकाळी बूट घेऊन आले. माझ्या मापात शिट्टी वाजणारेच होते म्हणे. शेवटची फेरी तरी ते घालून धाव, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी बूट हातात घेतले, गोड होते. पण खिळा लागला तेव्हा मी अनवाणी होते. शर्यत त्या पायांची राहिली होती.

रविवारी तीन फेऱ्या पावलं आपणहून पळाली, मला फक्त वर बसायचं होतं. चौथीत ती वाटेतल्या प्रत्येक खड्यापाशी थांबून बघायला लागली. पाचवीत बाकीच्या बायका शर्यत संपवून, केळी खाऊन घरी गेल्या. मांडववाले खुर्च्या रचायला लागले. शेवटच्या वळणावर पावलं दहा महिन्यांची झाली. मी तिथला बांबू धरून उभी राहिले. याच वळणावर मी बसले होते.

समोर चुन्याची रेघ. रेघेपलीकडे हे, कंबरदुखी असून, उकिडवे बसले होते.

"रांगत आलीस तरी कोणी बघत नाहीये," ते म्हणाले.

मी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी एक बूट पुढे धरला आणि अंगठ्याने दाबला. ची. पुन्हा दाबला. ची. माझी बोटं लाल मातीत रुतली, सगळी दहा, एकेक वेगळी कळत होती.

मी बांबू सोडला.