फ्रॉगेट बाई जेवत नाहीत

मर्व पॅस्कोच्या फ्रीझरमध्ये डावीकडे वाटाणे आणि आइस्क्रीम, उजवीकडे उंदीर. पाहुण्याला तो हे दारातच सांगून टाकी, त्यामुळे पाहुणा सहसा पुन्हा येत नसे. ऑस्ट्रेलियातल्या बंडाबर्गच्या साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गड्याला एकच नाद होता, आणि तो मागच्या व्हरांड्यात काचेच्या पेट्यांमध्ये वेटोळी घालून पडलेला असे. अजगर. क्रिकेटच्या मैदानावरची नावं दिलेले: स्लिप, गली, कव्हर, लाँगऑन आणि बाकीची मंडळी. लोक पोरांच्या डब्याची काळजी करतात, तशी हा त्यांच्या उंदरांची करायचा.

अलीकडे त्या व्हरांड्यात एक पेटी वाढली होती आणि तिनं मर्वची झोप उडवली होती. पेटीत होत्या फ्रॉगेट बाई.

बाई ग्लेनिसच्या. ग्लेनिसचं गावात केस कापायचं दुकान. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि अजगरांच्या नादात ती मर्वपेक्षा काकणभर सरसच. आपल्या सगळ्यात जुन्या अजगराला तिनं शाळेतल्या गणिताच्या बाईंचं नाव ठेवलं होतं, कारण दोघींची नजर एकच होती. सापवाल्यांच्या मंडळाच्या सहलीत सॉसेज भाजता भाजता मर्वनं तिला विचारलं होतं, "ग्लेनिस, एकत्र राहू या का? माझा व्हरांडा मोठा आहे."

दुसरी एखादी यावर फणकारून निघून गेली असती. ग्लेनिसनं सॉसेज उलटलं आणि म्हणाली, "फ्रॉगेट बाईंना आधी पाठवते. त्या तुझ्याकडे जेवल्या, तर बाकीच्यांना घेऊन मी येते."

ही चेष्टा नव्हती. साप नव्या घरात आणला की त्याला आठवडाभर एकटं सोडायचं आणि मग उंदीर दाखवायचा. खाल्ला तर त्यानं घर मानलं. नाही खाल्ला तर कितीही लाड करा, तो पाहुणाच. सापवाल्यांमध्ये या निकालावर अपील नसतं. मर्वनंही मान डोलावली आणि घरी येऊन ग्लेनिसच्या पेट्यांसाठी भिंतीला नव्या फळ्या ठोकल्या.

बाई गुलाबी फुलांच्या उशीच्या अभ्र्यातून आल्या. सापाला न्यायला अभ्र्याइतकं सोयीचं काही नाही. आठवडाभर मर्व स्वतःच्याच व्हरांड्यात चोरपावलांनी वावरला. मग जेवणाचा दिवस आला. त्यानं उंदीर कोमट पाण्यात मऊ केला, केस वाळवायच्या यंत्रानं फुलवला, साप हाताळायच्या लांब आकडीनं बाईंच्या डोक्याला हलकेच स्पर्श करून वर्दी दिली आणि चिमट्यात धरलेला उंदीर पुढे नाचवला. चुकलेल्या गणिताकडे बघावं तसं बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर मर्वनं काय करायचं बाकी ठेवलं? मोठा उंदीर झाला, छोटा उंदीर झाला, कोंबडीच्या पिसांत घोळवलेला उंदीर झाला. दर खेपेला आकडीची वर्दी, चिमट्याचा नाच, आणि बाई ढिम्म. परत आलेलं ताट शेजारच्या पेटीतला लाँगऑन संपवायचा. त्याचं चांगलंच फावलं होतं.

"अरे, सांगून टाक ना जेवली म्हणून," मर्वची थोरली बहीण आयलीन म्हणाली. ती रोज चहाला यायची आणि फ्रीझरच्या डाव्या बाजूलाही हात लावायची नाही. "उंदीर लाँगऑनला घाल, फोन कर ग्लेनिसला. तो काय चुगली करणार आहे?"

"ते खोटं होईल, आयलीन."

"लग्नाच्या बाबतीत थोडं चालतं. तुझे दाजी मला म्हणाले होते, नाचता येतं म्हणून."

मर्व हसला, पण मन डळमळलं. खरं सांगायचं तर त्याला ग्लेनिस हवी होती. तिच्याशी बोलताना उंदीर हा शब्द दबक्या आवाजात उच्चारावा लागत नसे, आणि एवढं सुख या वयात पुन्हा कुठे मिळणार होतं? फोन वाजला तेव्हा आयलीननं भुवया उडवून त्याला खूण केली.

"जेवल्या का?" ग्लेनिसनं विचारलं.

मर्वनं आयलीनकडे पाठ फिरवली. "नाही."

"मग उद्या येऊन घेऊन जाते तिला. उगाच उपाशी नको राहायला."

"आणि आपलं?"

"बघू, मर्व," ती म्हणाली, आणि हे तिनं इतक्या प्रेमानं म्हटलं की मर्वला फारच वाईट वाटलं. आयलीननं कप धुतला आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं आपल्या मंडळींना जेवण घातलं. स्लिप जेवला, गली जेवला. लाँगऑनचा उंदीर चिमट्यासकट टेबलावर ठेवला आणि मर्वला बाईंच्या पाण्याची आठवण झाली. प्रवासाला निघायच्या आधी निदान पाणी तरी ताजं असावं. आता कसली वर्दी आणि कसलं काय, असं म्हणून त्यानं आकडी खुंटीवरच राहू दिली, झाकण उघडलं आणि उंदरांच्या वासानं माखलेला हात सरळ आत घातला.

बाई विजेसारख्या आल्या. मर्वचा पंजा त्यांच्या तोंडात आणि मनगटापासून कोपरापर्यंत बाईंचे विळखे. नेमकी तेव्हाच ग्लेनिस तो गुलाबी अभ्रा हातात घेऊन व्हरांड्यात आली.

"हात ओढू नकोस," ती म्हणाली.

"ओढत नाहीये. बैस ना. चहा घेणार?"

"गप्प बस." तिनं शेपटीकडून एकेक वेढा सोडवायला घेतला. "तू उंदीर नाहीस हे कळलं की सोडेल. जरा वेळ लागेल, तू दिसतोस तसाच."

बाईंना कळलं. त्यांनी जबडा सैल केला, हात टाकून दिला आणि मान उंच करून आणखी कोण आहे ते पाहू लागल्या. ग्लेनिसनं टेबलावरचा चिमटा उचलून लाँगऑनचा उंदीर पुढे केला. बाईंनी तो असा घेतला की चिमटाही जातो की काय असं वाटलं.

मर्व रक्त गळणारा हात धरून बघतच राहिला. "महिनाभर हिनं ढुंकून पाहिलं नाही गं. आकडी लावून दर खेपेला व्यवस्थित उठवायचो मी तिला."

ग्लेनिस वळली. "आकडी कधी लावायचास?"

"उंदीर द्यायच्या आधी. डोक्यावर, हळूच. माझे सगळे त्यानंच जेवायला उठतात."

ग्लेनिस खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "मर्व, माझ्या घरी आकडी लागली की जेवण बंद. आकडी म्हणजे आता हात येणार आहे, चावायचं नाही. एवढीशी होती तेव्हापासून शिकवलंय मी तिला."

"म्हणजे दर खेपेला मीच..."

"तूच सांगायचास, तोंड मिटा. आणि तिनं मिटलं. बाई आहे ती, शिस्त मोडेल का?"

उंदराची शेपटी तेवढी बाईंच्या ओठांबाहेर राहिली होती, मग तीही गेली. ग्लेनिसनं मर्वचा हात नळाखाली धुतला, पट्टी बांधली, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ तो हातात ठेवला. मर्वला दुखत होतं आणि त्याला ते फार आवडत होतं.

"पण जेवलेल्या सापाला लगेच हलवायचं नसतं," तो हळूच म्हणाला.

"मला शिकवतोस?" ग्लेनिसनं भिंतीवरच्या रिकाम्या फळ्या एकदा नीट बघून घेतल्या. मग तो गुलाबी फुलांचा अभ्रा उचलून झटकला आणि त्याच्यापुढे धरला.

"ह्याच्यात घालायला घरात एखादी उशी आहे का?"