बबिताला न सांगितलेली गोष्ट

बबिताला पुरस्कार मिळणार अशी कुणकुण पांढरकवड्याजवळच्या त्या तांड्यावर लागली, तेव्हा सर्वांत जास्त धास्ती बबितानेच घेतली. हक्कांसाठी झगडणाऱ्या माणसांना नागपूरची एक संस्था दरसाल पुरस्कार देई, आणि तिथली प्रियंका नावाची मुलगी चौकशीला येणार होती. तांडा चांगलंच बोलेल. पण सासूचं काय? जमनीच्या जिभेला हाड नव्हतं.

मागच्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि फवारणी करणारे मजूर एकामागून एक आजारी पडत होते. कोणाला दिसेनासं झालं, कोणी दवाखान्यातून परत आलंच नाही. बबिता आजाऱ्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेई. तिने पोलिसांना त्यांचे जबाब घ्यायला लावले आणि बंदी असलेलं फवारणीचं औषध विकणाऱ्या दुकानदाराविरुद्ध तक्रार केली. नवरा, बादल, वणीला कोळशाच्या ट्रकवर. घरी सासू-सून दोघीच. बबिताने पाय बाहेर काढला की जमनीच्या तोंडाचा पट्टा सुरू: "निघाली पुढारीण!"

प्रियंकाने ओसरीवर बसून आधी जमनीलाच विचारलं, "आजी, सुनेबद्दल काय सांगाल?"

"काय सांगू, बाई? घरात पाय ठरत नाही हिचा. भाकरी कच्च्या."

बबिताने मान खाली घातली.

"तक्रारीनंतर कोणी धमकावलं का?"

"फोन येत," बबिता म्हणाली. "घरी मात्र कोणी आलं नाही."

मुगाच्या शेंगा सोलणारा जमनीचा हात थांबला. "आलते."

"कोण, याडी?" बबिता सासूला बंजारा बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणे.

"दोघं जण, मोटारसायकलवर. तू दवाखान्यात गेलती. म्हणे, तक्रार मागं घ्यायले सांग, नाही तर वणीच्या रस्त्यावर तुह्या पोराचं काही खरं नाही."

"मग?"

"मग काय, बसा म्हणलं. पाणी देल्लं. अन् शेजारच्या मानीबाईले हाक मारली."

मानीबाईच्या मागोमाग साऱ्या बाया आल्या. कोणाच्या हातात सूप, कोणाच्या कडेवर लेकरू. त्या दोघांभोवती बसल्या. आवाज कोणी चढवला नाही. जमनीने त्यांना गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, मग आईचं. एकाने खोटं सांगितलं, तर मानीबाई म्हणाली, "तू तर माह्या बहिणीच्या शेजारचा." चहा झाला. दोघांना मान वर करवेना.

"उठले तवा म्हणलं," जमनी सांगत होती, "माह्या पोराले काही झालं, तर आमी साऱ्या तुमच्या मायच्या दारात येऊन बसू. भांडणार नाही. बसून राहू."

बबिताचा आवाज चढला. "अन् मले सांगितलं नाही? माह्या नवऱ्याच्या जिवाची गोष्ट!"

"त्यालेच इचारलं. म्हणे, मी गाडी जपून चालवतो, तिले जाऊ दे."

"मंग रोज शिव्या काहून देत होती?"

"भेव वाटे न, बाई. तोंड चालू ठेवलं का भेव कमी होते."

बबिता उठून घरामागे गेली. राग होता, खूप होता. आपण एकटीने लढलो, याचा तिला नाही म्हटलं तरी थोडा तोरा होता. तो आता गळून पडला, आणि पडल्यावर अंग हलकं झाल्यासारखं वाटलं. परत आली तेव्हा सासूने तिच्यापुढे शेंगांचं टोपलं सरकवलं. दोघी सोलत बसल्या.

पुरस्कार बबितालाच मिळाला. दुकानाचा परवाना गेला. खटला अजून चालू आहे. कापूस वेचणीला आल्यामुळे जमनी नागपूरला गेली नाही. बोलायला उभं केल्यावर बबिताने भाषण केलं नाही. त्या दिवशी ओसरीवर बसलेल्या एकेका बाईचं नाव घेतलं.

ती घरी आली, तोवर ही बातमी फोनवर कळून मानीबाईने तांडाभर केली होती. जमनी फुगून बसली होती.

"माह्यं नाव मानीबाईच्या मागून काहून घेतलं?"