सात वर्षांचा पाऊस

अप्पांच्या पावसावर शंका घेणं म्हणजे आमच्या घरावरच शंका घेणं, असं मला वाटायचं. आमच्या चिंताकी गावात वडिलांनी अंगणातल्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजायचं, संध्याकाळी तापमान लिहायचं आणि खाली सही ठोकायची: नागनाथ. सत्तावीस वर्षं झाली. त्यामुळे हवामान खात्याकडून नोंदी तपासायला आलेल्या सिद्धप्पा सरांनी अंगणात लॅपटॉप उघडून, “२००९ ते २०१५ ची सात वर्षं वगळावी लागतील,” असं म्हटलं तेव्हा माझं डोकंच फिरलं.

“कामून?” अप्पांनी विचारलं.

“तुमचा पाऊस शेजारच्या केंद्रांशी जुळत नाही. घरी बसून आकडे भरल्यासारखं दिसतंय.”

एरवी बसस्टँडवर अनोळखी माणसाला थांबवून पाऊस सांगणारे अप्पा, पण आता त्यांनी नोंदवही मिटून बाजूला ठेवली. मला राग आवरेना. मी कॉलेजात विज्ञान शिकवते. सरांचा लॅपटॉप सरळ माझ्याकडं ओढला.

पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी आमची, लाल शेजारच्या औराद केंद्राची. चढउतार सारखेच, पण निळी सदा एक दिवस आधी. औरादला बारा जुलैला जोराचा पाऊस, तर आमच्याकडं अकराला. तापमानाच्या रेघा मात्र दिवसाला दिवस जुळत होत्या.

“सर, आकडे मनानं भरले असते तर तापमान कसं जुळलं असतं? पावसाची रेघ एक दिवस सरकवून बघा.”

त्यांनी सरकवली. निळी लालच्या जवळजवळ अंगावरच बसली.

“म्हणजे पाऊस खरा आहे,” सर म्हणाले. “सकाळी मोजला की त्याच दिवसाच्या तारखेला लिहायचा, असा नियम आहे. इथं आदल्या तारखेला लिहिलाय. पण बाकीची वीस वर्षं बरोबर, अन् सातच चुकीची कशी? कारण कळल्याशिवाय मला दुरुस्ती करता येणार नाही.”

अप्पा म्हणाले, “त्या सात वर्षांत मी कोळारला गोदामात कामाला हुतो, साहेब. ऐतवारी यायचो अन् हप्त्याभराच्या सह्या करायचो. पाणी हिच्या आईनं मोजलंय.”

मी तेव्हा बिदरला होस्टेलवर होते. अप्पा कोळारला राहतात हे मला ठाऊक होतं, आणि नोंदी रोज होतात हेही ठाऊक होतं. मग मोजतंय कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मला माझीच लाज वाटली.

आई चहा घेऊन आली होती. तिला सगळं सांगितलं तर तीच सरांवर उखडली. “पाऊस काल पडला, मग आजच्या तारखेला कामून लिवायचा? खोटं हुतंय की ते!”

“तिची चूक न्हाई,” अप्पा म्हणाले. “मी नियम सांगितलाच न्हाई. चार दिवस करंल अन् सोडंल, असं वाटलं मला.”

सर हसले. “सात वर्षं राहतील. पण मोजणाऱ्याचं नाव बदलावं लागेल.”

“व्हय. शोभाबाई लिवा,” अप्पा म्हणाले.

आई पडद्यावर वाकली. मी तिला समजावलं, रेघ वर गेली की पाऊस, खाली टेकली की कोरडं. तिनं २०१२ च्या रेघेवर बोट ठेवून हळूहळू पुढं नेलं आणि ते एका सपाट जागी थांबलं.

“हितं बावीस दिवस थेंब न्हाई. तुरीनं माना टाकल्या हुत्या. रोज सकाळी मापकातली रिकामी बाटली बघायची अन् शून्य लिवायचं. रडू यायचं मला.”

अप्पांनी खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ येऊन बसले.

“मग पुढं?” त्यांनी विचारलं.