झरोक्याची जाळी

माझा धाकटा भाऊ चोपन्न वर्षांचा आहे, पण मी त्याला अजून छोट्याच म्हणते. तो खुर्च्या बनवतो, मी त्या वेताने विणते. वडील गेल्यापासून तीस वर्षं आम्ही दोघंच कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे काय, पत्र्याच्या छपराचं लांबट खोकं. भिंती फळ्यांच्या, आणि हिवाळ्यात कुठल्या फटीतून वारा घुसेल ते सांगता येत नाही. वेत भिजवल्याशिवाय वळत नाही. त्या गार पाण्यात दिवसभर हात घालून बघा एकदा, म्हणजे मी तोंडाची इतकी फटकळ का झाले ते कळेल.

उबेसाठी मधोमध कोळशाची मोठी शेगडी असते. वडिलांचा दंडक एकच होता, शेगडी पेटली की छपराखालची फट उघडी पाहिजे. कोळशाचा विषारी वायू ना दिसतो, ना त्याला वास येतो. माणूस बसल्या जागी आडवा होतो आणि मग उठत नाही. लहानपणी आम्ही दोघांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की वडिलांनी तोंड उघडलं की आम्हीच पुढचं म्हणायचो.

या हिवाळ्याच्या सुरुवातीला छोट्याने भिंतींच्या सगळ्या फटींवर पट्ट्या ठोकल्या. तिथवर ठीक होतं. मग स्वारी शिडी घेऊन वरच्या फटीकडे निघाली.

"ताई, या गारठ्यात सरस धरतच नाही. सांधे सुटतायत. दोन खुर्च्या परत आल्या."

"खुर्चीचा सांधा पुन्हा बसवता येतो. मी आडवी झाले तर कुठला सरस लावणार आहेस?"

कडाक्याचं भांडण झालं. दोन दिवस तो घुम्यासारखा वावरला. तिसऱ्या दिवशी एक सुबक चौकट घेऊन आला. म्हणाला, "तुझंच खरं, ताई. त्या ओबडधोबड फटीऐवजी नीट झरोका करतो. तू जाळी विणून दे, पाखरं शिरायला नकोत."

मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? भावाने माझं ऐकलं म्हणून मी चांगल्यातला चांगला वेत निवडला आणि अगदी बारीक वीण घातली. त्याने झरोका बसवला. जाळीमागे काळोख दिसत होता, म्हणून विचारलं. तर म्हणे बाहेरून पावसासाठी पत्र्याची टोपी लावलीय, उजेड कुठून येणार? मी म्हटलं, शहाणा आहेस.

त्यानंतर आठवड्याभरात माझं डोकं धरायला लागलं. दुपार झाली की कपाळ ठणकायचं, मळमळायचं, विणीतली घरं चुकायची. चाळीस वर्षांत जिने एक घर चुकवलं नाही, ती मी, अख्खी बैठक उसवत बसायचे. त्याच सुमारास छोट्याने आपलं कामाचं टेबल उचलून दाराशी नेलं. डोळ्यांना उजेड कमी पडतो म्हणाला. दार किलकिलं ठेवून तो त्या फटीशी कुडकुडायचा. मलाच त्याची कीव आली. माझी लोकरीची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली.

एक दिवस तो मऊ आवाजात म्हणाला, "ताई, वय झालं गं आता. खुर्च्यांची तयार जाळी मिळते हल्ली, गुंडाळीच्या गुंडाळी. तू घरी आराम कर ना."

घरी जाऊन मी हमसून हमसून रडले. हातातली वीण गेली तर माझ्याजवळ राहतं काय? सुट्टीच्या दिवशी डोकं अजिबात दुखत नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही. ते लक्षात आलं, शेवटी दाखवायला गेले तेव्हा, डॉक्टरीणबाईंच्या.

"मावशी, बंद खोलीत शेगडी पेटवता का?"

"छे! माझ्या भावाने झरोका केलाय," मी ठसक्यात म्हटलं.

"एकदा बघून घ्या," त्या म्हणाल्या.

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी छोट्याच्या आधी पोचले. शेगडी पेटवण्याआधी शिडी लावली, ती डॉक्टरीणबाईंना खोटं पाडायला. बाहेर तीन दिवस दाट धुकं होतं, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. ओल लागली की वेत सैल पडतो. झरोक्यातून बाहेरची हवा येत असती तर माझी जाळी एव्हाना बोटभर लोंबली असती. मी टिचकी मारली. टणकन वाजली. विणायची सुई एका घरातून आत खुपसली, तर ती अर्ध्या बोटावर लाकडात रुतली.

जाळीमागे प्लायवूड होतं. काळा रंग दिलेलं. कडेने सरससुद्धा भरला होता, फार सफाईदार काम.

छोट्या आला तेव्हा मी शिडीवरच बसलेली. सुई अजून जाळीत तशीच होती. त्याने ती पाहिली आणि डबा हळूच खाली ठेवला.

"ताई, सांधे सुटत होते गं..."

"माझं डोकं का दुखतंय, ठाऊक होतं तुला?"

"नुसतं डोकंच तर दुखत होतं. वाटलं, हिवाळा सरला की थांबेल. मला पण दुखायचं, म्हणून तर मी..." त्याची नजर दाराशी ठेवलेल्या टेबलाकडे गेली आणि पुढचं त्याने गिळलं.

"म्हणून तू दाराशी गेलास. आणि मला म्हातारी ठरवलंस!"

अरे, आणखी भांडला असतास, शिव्या घातल्या असत्यास, तरी चाललं असतं. माझ्याच हाताने जाळी विणून घेतलीस रे!

मी पटाशी घालून प्लायवूड उचकटलं. जाळी फाटली, फाटू दे. धुक्याचा गार झोत तोंडावर आला. खाली उतरून म्हटलं, "माझी शाल दे."

त्याने दिली. मी शेगडी पेटवली, माझा पाट आणि पाण्याची बादली ओढत दाराशी नेली आणि त्याचं टेबल शेगडीजवळ ढकललं.

"ताई, तिथे थंडी वाजेल तुला."

"वाजू दे. तू बस तिथे. झरोका उघडा आहे आता, काही होत नाही."

तो बसला. रंधा हातात घेतला. पण दर थोड्या वेळाने मान वर करून झरोक्याकडे बघत होता, मोकळा आहे ना म्हणून. मला मात्र इतके दिवस त्या जागी बसून वर बघायची गरज एकदाही वाटली नव्हती.