वीरगळाला रक्त फुटलं

"रगत! रगत आलं!" सटवाजी ओरडला आणि गर्दी पुढे रेटली. कुरुंद्याजवळच्या आमच्या गावात, शकीलच्या हळद शिजवायच्या जागेच्या बांधावर एक वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या कुण्या माणसाचा कोरीव दगड. आजवर त्याला फक्त शेरडं अंग घासायची. त्या दिवशी तो हळदीनं माखला होता, आणि तांब्यातलं 'तीर्थ' पडताच पिवळ्या दगडावरून लालभडक ओघळ उतरले.

तांब्या होता इतिहासाचार्याच्या हातात. पदवी त्यानं स्वतःच घेतलेली. कुठल्याशा दलाचा, शहरातून आलेला. मागच्या बॅनरवर याच दगडातला वीर छापलेला. फक्त त्याला जिममधलं पोट आणि सिंहाची आयाळ चिकटवली होती.

"हजार वर्षांनी तुमचा पूर्वज रडतोय!" आचार्य गरजला. "परकीयांनी इथंच त्याचा गळा चिरला. आणि त्यांची पिलावळ इथंच धूर काढत बसलीय! संध्याकाळच्या आत ही वीरभूमी मोकळी करा!"

बोट शकीलच्या हळद शिजवायच्या कुकरकडे आणि त्याच्या घराकडे. सटवाजीनं भाड्यानं बोलावलेला जेसीबी येऊन उभाच होता. दारात हलीमा, शकीलची बायको, भांडी गोळा करत होती. याच कुकरात गावची निम्मी हळद शिजते, सटवाजीचीही.

"सटवाजीमामा, तुमीबी?" शकीलनं विचारलं. सटवाजी दुसरीकडे बघू लागला.

तेवढ्यात बौद्धवाड्यातली पद्माबाई पुढे आली. तीस वर्षं हळद शिजवणारी, हळकुंडं निवडणारी बाई.

"आचार्य, दगडावर परके कोणते हायेत? दाखवा बरं बोटानं."

"बाई, आधी इतिहास वाच!"

"वाचूनच राहिले. खाली गाई हायेत. एक टोळी गाई पळवून राहिली, हा आडवा झाला अन् मेला. दोन्हीकडं धोतर सारखंच, अंबाडाबी सारखाच. शेजारपाजारच्यांचंच भांडण दिसून राहिलं. यात शकीलभाऊ कुठून घुसला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"पद्मे, गप!" सटवाजी खेकसला. "रगत दिसून राहिलं ना डोळ्यानं?"

तिनं आचार्याच्या हातातून तांब्या हिसकावला. सकाळपासून हळद निवडून तिचे तळवे पिवळेजर्द होते. तीर्थ तळहातावर ओतलं. हात लालभडक!

"बघा मामा, माझ्या हातातबी एक वीर मेला!"

गर्दी खो-खो हसली. मग तिनं बोअरचं पाणी बादलीनं दगडाच्या दुसऱ्या, कोरड्या बाजूवर ओतलं. नुसतं पिवळं पाणी वाहिलं. रक्ताचा थेंब नाही.

"चुन्याची निवळी हाय ही. हळदीवर टाकली की लाल होते. कुंकू कशाचं करतेत, ठावं न्हाई का कुणाला?"

ठाऊक सगळ्यांना होतं. हळदीचे हात साबणानं धुताना ते लाल होतात, हे इथल्या प्रत्येक बाईनं शंभरदा पाहिलंय. त्या भामट्यानं हळदीच्या गावात येऊन हळदीचाच खेळ केला आणि तरी गाव फसलं. कारण रंग ओळखण्याआधीच गावाला शत्रू दाखवून दिला होता.

"निवळी असेल, पण अन्याय खरा आहे!" जीपमध्ये चढता चढता आचार्य ओरडला. त्याच्या मागे पाच-सहा पोरं घोषणा देत गेलीही. त्यांना रक्त नकोच होतं, बहाणा हवा होता. जेसीबीवाल्यानं विचारलं, "मामा, काय करू?"

सटवाजी जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "घेऊन जाय."

हलीमानं भांडी परत आत नेली.

उद्या तुमच्याही गावात कुणी जुना दगड, जुनी तलवार, जुन्या राजाचं चित्र घेऊन येईल आणि शेजाऱ्याचं घर दाखवील. हात जोडू नका. दगडावर काय कोरलंय ते स्वतः बघा. तांब्यात काय आहे ते विचारा. आणि विचारलं म्हणून जो चिडतो, त्याला गावात उभं करू नका.