कॅरिअरखालचा लाल दिवा

किंजलने ब्रेक दाबला तेव्हा उशीर झाला होता. समोरून आलेल्या ट्रकचा लाइट सरळ डोळ्यांत गेला, ट्रक निघून गेल्यावर रस्ता क्षणभर काळाठिक्कर दिसला आणि त्यातूनच एक सायकल तिच्या स्कूटरच्या पुढ्यात आली. तिने हँडल उजवीकडे ओढलं. डावा आरसा कशाला तरी घासून आत दुमडला. मागे काहीतरी धप्पकन पडलं आणि लगोलग ओरडणं ऐकू आलं.

"अरे ए! डोले फुटले का तुजे?"

तो आवाज तिच्या सासऱ्यांचा होता.

तिने मान वळवून पाहिलं. कृष्णकांत उठून उभे राहिले होते, सायकल उचलत होते. चालत होते, बोलत होते. किंजलच्या डोक्यावर हेल्मेट होतं, तोंडाला ओढणी गुंडाळलेली. त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. आणि ती थांबली नाही. का, ते तिला नंतर शंभरदा आठवूनही सांगता येईना. थांबायचं डोक्यात आलं होतं, पण अॅक्सिलरेटरवरचा हात सैल झाला नाही, आणि बघता बघता ती त्यांच्या गावाच्या, चिंचणीच्या, पहिल्या घरांपाशी पोचली होती.

डिसेंबर चालू होता. सव्वासहाला बोईसरच्या लॅबमधून निघालं तरी अर्ध्या रस्त्यात अंधार व्हायचा. लॅबच्या काउंटरवर ती पावत्या आणि रिपोर्ट बघायची. लग्नाला सात महिने झाले होते. सासूशी, जयवंतीशी, तिचं पहिल्याच महिन्यात जमलं. सासरे मात्र कमी बोलायचे. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तीस वर्षं फिटर होते, सकाळी सात वाजता सायकलने निघायचे आणि संध्याकाळी सायकलनेच यायचे. तिच्या नवऱ्याने, नीलेशने, बापाला मोटरसायकल घ्यायला दोनदा सांगून पाहिलं होतं. "माज्या गुडघ्यांना पेट्रोल लागत नाय," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता.

त्या दिवशी ते घरी आले तेव्हा किंजल कणीक मळत होती. जयवंती ओटीवरून ओरडली, "अगं बाई, ह्ये काय झालं?"

कोपर सोललं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. कृष्णकांत पायरीवर बसले. "स्कूटरवाला होता कोण तरी. हात घासून गेला माजा. थांबला पण नाय मेला."

जयवंतीने हळद आणायला आत हाक मारली. किंजल डबा घेऊन गेली. हळद लावताना सासरे 'स्स' करून हात मागे घेत होते आणि ती डबा धरून शेजारी उभी होती.

"बाई होती का बाप्या, ते पण दिसलं नाय," ते म्हणाले.

नीलेशची त्या आठवड्यात दुपारची पाळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"पप्पांना जास्त लागलं नाय ना? मग नको बोलूस. कशाला उगाच."

"मी पळून आले, नीलेश."

"घाबरलीस. कोण पण घाबरेल."

त्याचं बोलणं तिला पटलं नाही, पण सासऱ्यांसमोर जाऊन उभं राहायचं धाडसही झालं नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसली होती. सायकल तिला शेवटच्या क्षणापर्यंत दिसलीच नव्हती. काळी सायकल, निळा युनिफॉर्म, मागे काहीच चमकणारं नाही. काल स्कूटरवर ती होती, उद्या दुसरं कोणी असणार.

त्या संध्याकाळी ती बोईसरच्या बाजारात धर्मेशच्या सायकलच्या दुकानात गेली. धर्मेशने काउंटरवर तीन-चार दिवे मांडले.

"हा बटणसेलचा. छोटा हाय, पण सेल कधी संपला ते कळत नाही. हा चार्जिंगचा, मोबाइलच्या चार्जरला लागतो. पाण्यात पण चालतो. लुकलुकणारा पाहिजे की सारखा पेटणारा?"

"फरक काय पडतो?"

"लुकलुकणारा लगेच नजरेत येतो. पण किती लांब हाय त्याचा अंदाज येत नाही मागच्याला. सारखा पेटणारा असला की अंदाज येतो." त्याने तिसरा दिवा हातात घेऊन बटण दाबलं. "हा बघा, सारखा पेटतो आणि मधेच जोरात चमकतो. रस्त्यावर लाइट नाही तिथे हाच द्या."

"समोरून ट्रकचा लाइट डोळ्यावर आला तरी दिसला पाहिजे," किंजल म्हणाली.

धर्मेशने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "कोणाच्या सायकलला लावायचाय?"

"सासऱ्यांच्या."

"मग मागे काय बांधतात ते? सीटच्या दांडीला लावला आणि वर पिशवी लटकली तर दिवा असून नसल्यासारखा. आधी बघून या."

सात महिने ती सायकल रोज अंगणातल्या चिकूला टेकून उभी असायची. तिच्यावर काय बांधलेलं असतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुद्दाम लवकर उठून अंगण झाडायला गेली. कृष्णकांतांनी डब्याची पिशवी हँडलला अडकवली. कॅरिअरवर घडी केलेला रेनकोट ठेवला, हिवाळ्यातसुद्धा. त्यावर रिकामं पोतं गुंडाळून ट्यूबच्या पट्टीने आवळलं. मग डावा पाय पॅडलवर ठेवून, दुखरं कोपर शरीराशी धरून, एरवीपेक्षा सावकाश सीटवर बसले. संध्याकाळी ते आले तेव्हा पोतं भरलेलं होतं. कारखान्याच्या कुंपणाबाहेरचं हिरवं गवत, दारच्या गाईसाठी. भारा दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. सीटची दांडी दिसत नव्हती, मडगार्डही जवळजवळ झाकलं गेलं होतं. उघडी होती ती फक्त कॅरिअरची मागची खालची दांडी. किंजलने मोबाइलवर फोटो काढला.

शनिवारी फोटो बघून धर्मेश म्हणाला, "मग इथे, भाऱ्याच्या खाली. पण दांडी बारीक हाय, रबराचा पट्टा सैल बसेल. घरी कोण हाताचं कारागीर हाय का?"

"ते स्वतःच फिटर आहेत."

"मग काय पाहिजे तुम्हाला!"

रविवारी सकाळी तिने चहाबरोबर डबी पायरीवर ठेवली. "पप्पा, तुमच्या सायकलला आणलाय. मागे लावायचा दिवा."

कृष्णकांतांनी डबीकडे पाहिलं, उचलली नाही. "कशाला? तीस वर्षं जातोय मी. रस्त्याला पाठ हाय मी."

"रस्त्याला आहात. मागून येणाऱ्याला नाही."

हे जरा जास्तच झालं असं तिला वाटलं. जयवंती आतून म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. लावून घ्या गपचूप."

त्यांनी डबी उघडली. दिवा उलटसुलट केला, पाठीमागचा पट्टा ताणून बघितला आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. कारखान्यात एखादा नवा सुटा भाग हातात आल्यावर होत असावा तसा.

"पट्टा मोठा हाय. ह्या दांडीवर फिरणार ह्यो."

"दुकानदार पण तेच म्हणाला. भाऱ्याखाली लावा म्हणाला, नाहीतर झाकला जाईल."

त्यांनी मान वर केली. "भाऱ्याचं त्याला काय माहीत?"

"मी फोटो दाखवला."

ते घरामागच्या पत्र्याच्या खोलीतून जुनी ट्यूब, कात्री आणि पाना घेऊन आले. ट्यूबची पट्टी कापून त्यांनी दांडीवर तीन वेढे दिले, त्यावर पट्टा आवळला. दिवा घट्ट बसला, पण दांडी तिरकी असल्याने तोंड जमिनीकडे गेलं.

"ह्यो काय खड्डे बघणार?" ते पुटपुटले.

किंजल सायकलच्या मागे उकिडवी बसली. "अजून वर. अजून. थोडा डावीकडे झुकलाय." पट्टा सोडून त्यांनी खालच्या बाजूला रबराची जाड चकती घातली आणि पुन्हा आवळलं. तीन वेळा सोडला, तीन वेळा बांधला. शेवटी त्यांनी सायकल एका हाताने उचलून जमिनीवर आपटली. दिवा हलला नाही.

"आता बघ."

"सरळ आहे, पप्पा."

"संध्याकाळी रस्त्यावर बघू. अंगणात सगलंच सरळ दिसतं."

संध्याकाळी अंधारू लागल्यावर दोघं वाडीबाहेरच्या सरळ रस्त्यावर गेले. कृष्णकांतांनी पोत्यात जुनं गवत भरून कॅरिअरवर बांधलं होतं, खरोखरीचा भारा असावा तसं. ते सायकलने पुढे गेले. किंजल स्कूटर घेऊन पार मागच्या वळणावर थांबली आणि मग हळूहळू निघाली. दिवा वळणावरूनच दिसत होता. सायकल दिसत नव्हती, माणूस दिसत नव्हता, पण तिथे कोणीतरी आहे हे कळत होतं, आणि आपण किती जवळ आलो हेही.

ती त्यांच्याजवळ येऊन थांबली. ते सायकलवरून उतरले.

"कुटून दिसला?"

"वळणापासून."

"एवढ्या लांबून?" ते खूश झाले. "त्या दिवशी असता तर तो स्कूटरवाला..."

"पप्पा, ती मी होते."

त्यांना कळलं नाही. तिने हेल्मेट काढलं. "त्या दिवशी स्कूटरवर मी होते. ट्रकचा लाइट डोळ्यावर आला. तुम्ही दिसलाच नाही. नंतर आवाज ओळखला. मागे वळून पाहिलं, तुम्ही उठला होतात."

कृष्णकांत सायकल धरून उभे होते. दिवा मधूनमधून चमकत होता आणि त्यांच्या चपला तेवढ्यापुरत्या लाल दिसत होत्या.

"आवाज ओळखला?"

"हो."

"आनि गेली तू."

"हो."

त्यांनी सायकल वळवली आणि तिच्याकडे न बघता चालत घराकडे निघाले.

पुढचे चार दिवस वाईट गेले. ते चिडले नाहीत, कोणाला काही बोललेही नाहीत. किंजलने वाढलेलं जेवायचे, ताट उचलून धुवायला ठेवायचे. तिच्याशी मात्र शब्द नाही. जयवंतीला किंजलनेच सांगितलं. जयवंतीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबायला पायजे होतं तू." मग थोड्या वेळाने, "आता रडू नको. त्यांचं त्यांना पचू दे."

दिवा मात्र ते रोज लावत होते. किंजल संध्याकाळी येताना रस्त्यात त्यांना बघायची. ओलांडून पुढे जायचं धाडस होत नव्हतं, म्हणून बरंच अंतर ठेवून मागे यायची. गुरुवारी दिवा मंद वाटला. शुक्रवारी सकाळी ती डबा भरत होती तेव्हा ओटीवरून खुडबुड ऐकू आली. कृष्णकांत दिवा सोडवून घेऊन बसले होते. चार्जरची वायर त्याच्या पोटात घालायचा प्रयत्न चालला होता, उलटी. पाना-पकड चालवणारी जाड बोटं त्या बारीक भोकाशी झटत होती.

"किंजल," त्यांनी हाक मारली. आवाज रोजचाच होता. "ह्ये कुटून घालायचं?"

ती हात पुसत आली. रबराचं झाकण उचलून दाखवलं, वायर फिरवून घातली. छोटा हिरवा ठिपका पेटला.

"दोन तास लागतील."

"मग आज उशिरा निघतो." ते ठिपक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी पडलो त्याचं काय नाय. पडतो मानूस. तू मागं बघितलं नि गेली, ते लागलं."

"मला माहीत आहे."

"मी उठलो नसतो तर?"

ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

"उठलो नसतो तर थांबली असती तू," तेच म्हणाले. "तेवडं कळतं मला. पन उठला म्हनून काय झालं? कोन पन असू दे. थांबायचं. शिव्या खायच्या, पन थांबायचं."

"थांबेन."

"सांगितलंस, ते बरं केलं. नीलेशने नको सांगू म्हटलं असेल."

किंजल वायर सरळ करू लागली.

"असेलच. माजाच पोरगा हाय." पहिल्यांदाच ते थोडे हसले. मग उठून कोपर चोळत म्हणाले, "अजून एक आणशील का असला? आमच्याकडे मंगळ्या हाय, हेल्पर. डोंगराच्या बाजूने येतो, पार आतून. माजा दिवा बघून रोज विचारतो. त्याचे पैसे तो देईल."

"त्याच्या सायकलला कॅरिअर आहे?"

"नाय. नुसती सीट. मागं काय बांधत नाय तो."

"मग सीटच्या दांडीलाच बसेल."

"तरी तू ये. तिथे मागं बसून बघायला कोन नाय."

शनिवारी लॅबमधून लवकर सुटून, दुसरा दिवा घेऊन ती कारखान्याच्या फाटकाशी गेली. मंगळ्या, तिशीचा, सडपातळ, सायकल धुऊन पुसून उभा होता. कृष्णकांतांनी पाना खिशातून काढला. मंगळ्याने हळू आवाजात विचारलं, "ह्या कोन, काका?"

"सून माजी," ते म्हणाले. "ही सांगंल तसा धर दिवा. हिला मागून बरोबर दिसतं."

किंजल रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "थोडा वर."