भिंतीपलीकडचा तळहात

मित्रांनो, समस्त वाद्यांचा मी सम्राट आहे. गर्जनेपासून कुजबुजीपर्यंत सारे सूर माझ्या आज्ञेत असतात. सध्या माझ्या डोक्यावर एक कुंडी, इस्त्रीला जायचे कपडे आणि एक बंद पडलेला टेबलफॅन आहे. सम्राटांचे दिवस असेच फिरतात.

मी एक जुना, उभा पियानो आहे. एका शाळेच्या सभागृहात मी बरीच वर्षे राबलो. शाळेने नवा पियानो आणला, तेव्हा छापखान्यातल्या एका मशीनवाल्याने मला आपल्या लेकीसाठी घरी आणले. जिना चढवताना हमालांनी मला जी विशेषणे लावली, ती मुलांसमोर सांगण्यासारखी नाहीत.

मशीनवाल्याचे कान छपाईच्या धडधडाटाने केव्हाच गेले होते. तो माझ्या कुशीवर तळहात टेकवून ऐकायचा. लेक वाजवू लागली की माझे लाकूड थरथरे आणि तो खुलायचा.

"काय लोहारबुवा, आज भट्टी जोरात दिसतेय!"

"तुम्हाला चालतंय ना बाबा? मग झालं तर!" लेक त्याच्या कानाशी ओरडायची.

शिकवायला येणाऱ्या बाईंना मात्र ते चालत नसे. "अगं, पियानो आहे हा, खिळे नाही ठोकायचे! पट्टी इतकी सावकाश दाब की आवाज जेमतेम निघेल. त्याहून सावकाश दाबलीस तर निघणारच नाही. ती हद्द शोध. आणि मोठा आवाज हवा तेव्हा आपटू नकोस, खांद्यापासून वजन सोड."

ती हद्द लेकीला काही सापडेना. एक तर मी ओरडायचो, नाही तर मुका राहायचो.

मग मशीनवाल्याला झटका आला. वाचा गेली, डावा हात तेवढा हलत राहिला. डॉक्टर म्हणाले, घरात शांतता हवी; बहिऱ्याला शांतता कशाला, हे कुणी विचारले नाही. त्याची खाट पलीकडच्या खोलीत, माझी पाठ टेकते त्याच भिंतीला लावली.

जे लेकीला इतकी वर्षे जमले नव्हते, ते आता जमले. बाबांची झोप मोडू नये म्हणून ती पट्ट्यांवर जणू श्वास टाकत असे. एकही सूर गळत नसे, एकही वर उसळत नसे. बाई थक्क झाल्या. "आता बोटं ऐकायला लागली हं तुझी!" आईने पदराने डोळे पुसले. घरात सगळे खूश होते.

मी सोडून.

कारण रोज संध्याकाळी, वाजवायच्या वेळेला, माझ्या पाठीमागे भिंतीवर एक तळहात येऊन टेकायचा. तो मी ओळखत होतो. तो थांबायचा, जरा सरकायचा, पुन्हा थांबायचा. लेकीचे ते रेशमी सूर भिंत ओलांडत नव्हते. त्याच्या लेखी पोरीने वाजवणेच सोडले होते.

"भिंतीला हात लावून पडतात गं," आई म्हणायची. "गारवा बरा वाटत असेल."

मला किंचाळावेसे वाटे. पण मित्रांनो, कुणी पट्टी दाबल्याशिवाय सम्राटाला साधे हुं करता येत नाही.

एका संध्याकाळी तळहात आला नाही. त्या दिवशी लेकीने सगळ्यात सुंदर वाजवले.

तो गेल्यावर खाट हलवली, तेव्हा भिंतीवर तेलकट डाग दिसला. पंजाएवढा. लेक त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने त्यावर आपला तळहात ठेवला आणि माझ्या खोलीतल्या आईला हाक मारली.

"आई, जरा पियानोची पट्टी दाब."

आईने मला कधी हात लावला नव्हता. तिने भीत भीत एक दाबली.

"दाबलीस का?"

"दाबली की!"

"जोरात दाब आई! दोन्ही हातांनी!"

आईने दोन्ही पंजे आपटले. भयंकर बेसूर आवाज झाला. भिंत थरथरली, आणि भिंतीपलीकडे लेक मटकन खाली बसली.

त्यानंतर माझे झाकण उघडले नाही. धूळ पुसताना लेक माझ्या कुशीवर तळहात ठेवून थोडा वेळ उभी राहते. मी तेव्हाही गप्पच असतो.

मित्रांनो, हळू वाजवायला जरूर शिका. फार अवघड आणि फार सुंदर गोष्ट आहे ती. पण ऐकणारा कुठे बसला आहे, तेवढे आधी बघून घ्या. मला कुणी वाजवावे, असे मी म्हणत नाही. त्या कुंडीखाली एखादी बशी मात्र ठेवा. पाणी गळते.